गडाचे तोंड कोणीकडे

चिखलदऱ्याला मी पहिल्यांदा गेलो तो श्रावणात, परतवाड्याहून सुटणाऱ्या एसटीने. घाटात ढग खिडकीतून आत येत होते आणि बाहेर दरी आहे की रान, काही कळत नव्हते. शेजारी बसलेल्या आजोबांनी धोतराच्या सोग्याने काच पुसली, त्या पांढऱ्या पोकळीकडे बोट केले आणि म्हणाले, "अठीच फेकला पोरा त्याले भीमानं." कोणाला, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही. वऱ्हाडातल्या पोराला ते माहीतच असणार, असे त्यांनी गृहीत धरले होते, आणि ते खरेही होते. भीमाने मारलेला कीचक, त्याला फेकले ती कीचकदरा, तिचाच पुढे झाला चिखलदरा. भीमाने रक्ताचे हात धुतले ते भीमकुंड. जवळच वैराट नावाचे शिखर आहे, गाविलगडाच्या डोंगररांगेतले सर्वांत उंच. म्हणजे विराटाची नगरी इथलीच.

अभ्यासक विराटाचा मत्स्यदेश राजस्थानात, जयपूरजवळच्या बैराटकडे दाखवतात आणि त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण मला प्रश्न पडतो तो वेगळाच. महाभारतात नगरे काय थोडी आहेत? सातपुड्याच्या या कड्यावर राहणाऱ्यांनी त्यांतून नेमकी विराटाचीच नगरी का उचलून आणली? नावाचा सारखेपणा हे एक कारण असेल. पण एवढ्यावर कथा रुजत नाही. ती रुजते, कारण त्या मातीत तशी माणसे लोकांनी पाहिलेली असतात.

विराटपर्व आपण सैरंध्रीसाठी वाचतो आणि तसेच ते वाचले पाहिजे. तरी एकदा ते राज्य कोणाच्या जोरावर चालले आहे, हे बघत वाचावे. राजा विराट वयस्क आहे. सेना त्याच्या मेहुण्याच्या, सुदेष्णेच्या भावाच्या हाती आहे. कीचक भर सभेत द्रौपदीला लाथ मारतो आणि ती राजापुढे उभी राहून न्याय मागते, तेव्हा राजा त्याला शासन करीत नाही. त्याला न्याय कळत नाही असे नव्हे. या माणसाला हात लावला तर सीमा कोण सांभाळणार, हे त्याला ठाऊक आहे. आणि त्याची भीती खरी ठरते. कीचक मेल्याची बातमी पसरताच त्रिगर्तांचा सुशर्मा कौरवांच्या सभेत जाऊन सांगतो की आता मत्स्यांवर चालून जायला हरकत नाही. मग एका बाजूने सुशर्मा आणि दुसऱ्या बाजूने कौरव विराटाची गुरे वळवून नेतात. अपराधी सरदार जगला तर राजाची अब्रू जाते, मेला तर राज्य उघडे पडते. सीमेवरच्या नगराचे हे दुखणे विराटपर्वात स्पष्ट दिसते. कल्पनेतल्या कुठल्याही राज्याची गोष्ट रचायला बसलो असतो तरी याहून खरी घडण मला सुचली नसती.

ती घडण प्रत्यक्षात कशी चालली, ते या पुस्तकात मांडायचे आहे. कल्पनेतल्या विराटनगरीच्या जागी, त्याच डोंगरावर, इतिहासात खरोखर एक सीमानगर उभे होते. वर गाविलगड आणि खाली एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर. ही दोन वेगळी ठिकाणे मानू नयेत. खाली पेठ, महाल, मशिदी, टांकसाळ, बागा. वर दारूगोळा, धान्याची कोठारे आणि अडचणीच्या वेळी बायकामुलांना न्यायची जागा. सरदार खाली राहायचा, पण झोपताना त्याचे ध्यान वर असायचे.

गडाच्या नावात गवळी आहेत. गाविल म्हणजे गवळ्यांचा, असे लोक सांगतात आणि मला ते पटते. सपाटीवर ऊन तापले की गुरे घेऊन वर यायचे, गवत आणि पाणी बघून ठाण मांडायचे, ही या डोंगराची जुनी रीत. दगडी कोट बांधला गेला त्याआधी इथे मातीचा गढकोट होता, असेही सांगतात. विराटाच्या कथेतही लूट होते ती गुरांचीच. कथा इथे का रुजली याचा आणखी एक धागा मला यात सापडतो, फार ताणत नाही.

एलिचपूरचे नाव दिल्लीला कळले ते १२९६ मध्ये. अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तो याच वाटेने. एलिचपुरात तो थांबला आणि काकांशी बिनसले म्हणून दक्षिणेत चाकरी शोधायला निघालो आहे, अशी हूल त्याने उठवून दिली, असे फरिश्ता लिहितो. रामदेवराव यादव हरल्यावर तह झाला त्यात एलिचपूरचा वसूल खिलजीकडे गेला. त्याच्या थोडेच आधी या सपाटीवर, रिद्धपुरात, गोविंदप्रभू वावरत होते आणि म्हाइंभट लीळाचरित्र लिहीत होते. मराठी गद्य जिथे अंग धरत होते, तो मुलूख एका तहाने दिल्लीच्या हिशेबाच्या वहीत गेला. सीमेवरच्या गावांच्या बाबतीत असे घडते: आज ती आपली असतात, उद्या ती कोणाच्या तरी देण्यातली रक्कम होतात.

गड बांधला तो बहमनी सुलतान अहमदशहा वलीने, १४२५ च्या सुमारास. त्यासाठी तो वर्षभर एलिचपुरात तळ देऊन राहिला आणि त्याच वेळी पश्चिमेकडच्या नरनाळ्याचीही त्याने डागडुजी केली. सुलतानाने राजधानी सोडून सीमेवर वर्ष काढावे, इतके तिथे काय होते? उत्तरेला माळव्याचा होशंगशहा, वायव्येला खानदेशचे फारुकी, आणि मधोमध, आजच्या बैतुलजवळ, खेरल्याचे राज्य. ते कधी बहमनींकडे झुकायचे, कधी माळव्याकडे. मेळघाटचा डोंगर ही या साऱ्यांमधली भिंत होती, आणि भिंतीवर पहारा हवा होता.

आता गडाची ठेवण पाहा. हे मला फार उशिरा दिसले आणि दिसल्यापासून या विषयाने माझी पाठ सोडली नाही. शत्रू उत्तरेचा, म्हणून गड. पण गाविलगडाचा तुटलेला, उरात धडकी भरवणारा कडा दक्षिणेला आहे, खालच्या वऱ्हाडाच्या काळ्या सपाटीकडे. उत्तरेला, पठाराच्या बाजूला, जमीन जवळजवळ सलग चालत गडाला भिडते. तिथे बांधणाऱ्यांना तटामागे तट घालावे लागले, बाहेरचा किल्ला आणि आतला किल्ला असे दोन करावे लागले. डोंगर जसा आहे तसाच गड होणार, हे कबूल. तरी परिणाम असा झाला की हा गड अजिंक्य होता तो आपल्याच मुलखाच्या बाजूने. खालून, एलिचपूरकडून, म्हणजे ज्या वाटेने धन्याची फौज येईल त्या वाटेने, तो घेणे अशक्य. त्यावर बसलेल्या प्रत्येक सरदाराला ही गोष्ट पहिल्याच दिवशी उमगली असणार.

बहमनी राज्यात अशा सरदाराला तरफदार म्हणत. तरफ म्हणजे बाजू, प्रांत; तरफदार म्हणजे तो सांभाळणारा. आपल्या मराठीत आज तरफदारी म्हणजे कोणाची तरी बाजू घेणे. भाषेने त्या पदाचे पुढे काय झाले, ते नेमके टिपून ठेवले आहे. वजीर महमूद गावान याने हा धोका ओळखला होता. त्याने चार तरफांच्या आठ केल्या. वऱ्हाडाचे गाविल आणि माहूर असे दोन तुकडे पडले. तरफदाराच्या ताब्यात एकच किल्ला ठेवायचा, बाकीच्यांवर किल्लेदार सुलतानाने नेमायचे, असा नियम केला. राज्यकारभाराचा याहून शहाणा विचार त्या शतकात दख्खनेत कोणी केला असेल असे मला वाटत नाही. १४८१ मध्ये खोट्या पत्राच्या आधारे त्याच सुलतानाने गावानला ठार केले. त्यानंतर गाविलचा तरफदार फतहुल्ला इमाद-उल-मुल्क आणि माहूरचा खुदावंदखान हबशी छावणीतून वेगळे झाले आणि आपापल्या तरफेची वाट धरली. अशा दरबारात मान सुरक्षित नाही, हे त्यांना कळून चुकले होते.

फतहुल्लावर या पुस्तकात सर्वांत जास्त पाने खर्च झाली आहेत. तो जन्माने कानडी मुलखातला हिंदू. विजयनगरवरच्या एका मोहिमेत लहानपणी पकडला गेला, मुसलमान झाला आणि वऱ्हाडच्या सुभेदाराच्या, खान-ए-जहानच्या, पदरी वाढला. तिथून चढत चढत तो त्याच प्रांताचा धनी झाला. १४८८ च्या सुमारास त्याने गाविलगडाची मोठी दुरुस्ती केली आणि १४९० मध्ये स्वतःच्या नावाने राज्य करू लागला. एलिचपूर ही त्याची राजधानी. दोन वर्षे आधी दगडाचे काम आणि मग घोषणा, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

गडाच्या दरवाज्यावर एक शिल्प आहे. दोन तोंडांचा पक्षी, गंडभेरुंड, पंख पसरून उभा. त्याने चोचींत आणि पंजांत हत्ती धरले आहेत. हत्ती अगदी लहान कोरले आहेत, बकऱ्याच्या पिलाएवढे, पक्ष्याच्या मानाने. दगड काळवंडला आहे, पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढते, तरी चोचीची कड अजून बोटाला लागेल अशी धारदार. हाच पक्षी विजयनगरच्या नाण्यांवरही येतो. दख्खनेत तो जुना आहे, एकट्या विजयनगरची ती मालकी नव्हे. पण ज्याला पोरवयात तिथून ओढून आणले, त्याच्या घराण्याच्या गडावर हाच पक्षी बसावा, हे मी सहज घडले असे मानत नाही. आईबाप, भाषा, नाव सगळे गेल्यावर एक खूण राहिली असेल आणि ती त्याने सगळ्यांना दिसेल अशा जागी लावली असेल. हा माझा समज आहे, पुरावा नव्हे. पण त्या दरवाज्याखाली उभे राहून माझ्या मनात दुसरे काही येत नाही.

फतहुल्लाचा मुलगा अलाउद्दीन इमादशहा. त्याच्या काळातले पाथरीचे प्रकरण मराठी वाचकाला चटकन कळेल, कारण त्याच्या मुळाशी वतन आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ पुरुष पाथरीचे ब्राह्मण. पाथरी, आज परभणी जिल्ह्यात, तेव्हा इमादशाहीत होती. पूर्वजांचे गाव आपल्याला द्या, बदल्यात दुसरा मुलूख घ्या, असे बुरहान निजामशहाने सांगून पाहिले. अलाउद्दीनने नाकारले आणि तिथे तटबंदी घातली. १५१८ मध्ये निजामशहाने पाथरी जिंकली; ती पुन्हा इमादशहाकडे आली, पुन्हा गेली. दोन सुलतान, दोन्ही घराण्यांचे मूळ हिंदू, आणि भांडण आजोबांच्या गावासाठी. सीमा नकाशावर आखलेली असते त्याहून माणसांच्या आठवणीत जास्त घट्ट असते.

इमादशाहीचा शेवट मी थोडक्यात उरकला आहे, कारण तो सांगताना मन खट्टू होते. बुरहान इमादशहा गादीवर आला तेव्हा लहान होता. त्याचा कारभारी तुफालखान याने त्याला नरनाळ्यावर कोंडले आणि स्वतः राज्य बळकावले. ज्या वाटेने घराणे वर आले त्याच वाटेने दुसरा सरदार त्यांच्यावर चढला. बालराजाला सोडवतो म्हणून मुर्तझा निजामशहा वऱ्हाडात शिरला, १५७४ मध्ये नरनाळा आणि गाविलगड दोन्ही घेतले, आणि ज्याला सोडवायचे होते त्यालाही तुफालखानाबरोबरच कैदेत टाकले. कैदेतच ते सगळे संपले. पुढे १५९६ मध्ये चांदबिबीने तहात वऱ्हाड मोगलांना दिले आणि दोनेक वर्षांत गाविलगडही त्यांच्याकडे गेला. ऐन-ए-अकबरीत या गडाची नोंद आहे. त्यावरच्या एका झऱ्याच्या पाण्यात पोलादी हत्यारांना पाणी देतात, असे तीत लिहिले आहे. लोहार हत्यार तापवून कोणत्या पाण्यात बुडवतो यावर धार ठरते, हे खेड्यातला माणूस आजही सांगेल; बादशहाच्या वहीत ते आलेले बघून मला बरे वाटले.

अठराव्या शतकात वऱ्हाडावर दोन धनी बसले. निजामाचा सुभेदार एलिचपुरात आणि वसुलात वाटा घेणारे नागपूरकर भोसले. याला दुअमली म्हणत. एका शेतातून दोन सरकारांचे शिपाई धान्य मोजून नेत, तेव्हा शेतकऱ्याच्या पदरी काय उरत असेल? वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड, असे आपण अभिमानाने म्हणतो. ते सोने गडावर, नागपूरला, हैदराबादला चढत गेले. एलिचपूरचा सुभेदार इस्माइलखान पन्नी हा पठाण त्या काळात इतका बळावला की निजामालाच त्याची धास्ती वाटू लागली. १७७५ मध्ये निजामाच्या फौजेशी लढताना तो मारला गेला. कुठल्या परक्याने नव्हे, ज्याच्यासाठी सीमा राखली त्या धन्यानेच त्याला संपवले.

आणि मग १८०३. गड भोसल्यांचा, किल्लेदार बेनीसिंग नावाचा राजपूत. २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या आडगावला भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला आणि आर्थर वेलस्ली गाविलगडाकडे वळला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन तो हाच. एलिचपूरचा सलाबतखान निजामाच्या बाजूने, म्हणजे इंग्रजांच्या बाजूने, होता. एकाच सीमानगराची खालची पेठ वेढा घालणाऱ्यांत आणि वरचा गड वेढ्यात, अशी स्थिती झाली.

वेलस्ली दक्षिणेला थांबला. तो कडा त्याने बघितला आणि खरे काम उत्तरेकडून करायचे ठरवले. ते कर्नल स्टीव्हन्सनकडे दिले. ७ डिसेंबरला एलिचपूरहून निघून १२ डिसेंबरला तो गडाच्या उत्तरेला, लबाड्याजवळ, मोर्चे बांधायला लागला. मधले पाच दिवस त्याच्या माणसांनी जड तोफा आणि सामान डोंगरदऱ्यांतून जवळजवळ सारी वाट हातांनी ओढत नेले. रस्ता आधी करायचा, मग त्यावरून तोफ चढवायची. ज्यांनी मेळघाटातली चढण पायाखाली घातली आहे, त्यांनी डोळे मिटून ते चित्र बघावे: दोरखंड, सुटणारे धोंडे, मार्गशीर्षातली थंडी आणि अंगावर घाम. त्या ओढणाऱ्यांपैकी कोणाचे नाव कुठल्या कागदात आलेले नाही.

१५ डिसेंबरला सकाळी हल्ला झाला. बाहेरचा तट फुटला, पण आतल्या किल्ल्याचा दरवाजा शाबूत होता आणि दोन्हींच्या मधल्या घळीत सैन्य अडकले. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने घळीची बाजू चढून, तटाला शिड्या लावून आत उड्या टाकल्या आणि दरवाजा आतून उघडला. बेनीसिंगाचे प्रेत दरवाज्याजवळच्या प्रेतांच्या राशीत सापडले. गडावरच्या राजपुतांनी आपल्या घरच्या स्त्रियांवर स्वतःच शस्त्र चालवले होते. त्यांतल्या काही जणी वाचल्या, काही गेल्या. हे शौर्याच्या नावाखाली मी लिहू शकलेलो नाही. त्या स्त्रियांना कोणी विचारले होते का, हा प्रश्न मी त्या प्रकरणात तसाच ठेवला आहे. सैरंध्री निदान सभेत बोलली तरी होती.

दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि त्या तहात गाविलगड भोसल्यांना परत मिळाला. बेनीसिंगाला दोन दिवस आणखी तग धरता आला असता तर, असा विचार वाचकाच्या मनात येईल, माझ्याही येतो. इतक्या शतकांत या गडावर बसलेल्यांपैकी धन्याकडे पाठ न फिरवणारा म्हणून ज्याच्याकडे निःशंकपणे बोट दाखवावे, तो हाच, आणि गड परत आला तो त्याच्यामागे. पुढे १८२२ मध्ये तो निजामाकडे गेला, १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले, आणि १८५८ मध्ये तात्या टोपे येऊन इथे पाय रोवील या धास्तीने इंग्रजांनी गडाची तटबंदी मोडली. तोवर शेजारच्या पठारावर त्यांची थंड हवेची वस्ती उभी राहिली होती. लोक आता चिखलदऱ्याला जातात ते तिच्यासाठी.

हे सारे लिहिताना एक गोष्ट मला सतत टोचत राहिली. सुलतान, तरफदार, नवाब, किल्लेदार आले आणि गेले. डोंगरात कोरकू सगळ्यांच्या आधीपासून होते आणि आजही आहेत. त्यांची भाषा मराठीशी नाही, हिंदीशी नाही, मुंडा कुळातल्या भाषांशी नाते सांगते. कोणती वाट पावसात वाहून जाते, कोणत्या नाल्याला उन्हाळ्यात पाणी राहते, हे त्यांना माहीत होते. त्यांच्याशी जमवून घेतल्याशिवाय या रानातून कोणाचीही रसद गडावर चढली नसणार. फारसी तवारिखा आणि इंग्रजी रिपोर्ट यांत त्यांचे बोलणे येत नाही. माझ्या पुस्तकातही ते पुरेसे आलेले नाही, कारण मला कोरकू येत नाही. ज्याला येते त्याने हा इतिहास गडाकडून खाली न बघता रानातून वर बघत लिहावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. असे पुस्तक निघाले तर ते मी सगळ्यांत आधी विकत घेईन.

पुस्तकाची सुरुवात मी १४२५ पासून केलेली नाही. पहिले प्रकरण विराटाच्या गोधनाचे आहे, कारण एसटीतल्या आजोबांनी मला हा विषय दिला तो तिथून. वाचून झाल्यावर गड बघायला जायचे असेल तर श्रावणात जाऊ नका. धुक्यात दरवाजा सापडतो, गड सापडत नाही. डिसेंबरच्या मध्यावर जा, वेढ्याच्या दिवसांत. गवत वाळलेले असते, हवा स्वच्छ असते. आधी उत्तरेच्या पठारावरून तटाकडे चालत या, स्टीव्हन्सनच्या तोफा आल्या त्या बाजूने, आणि पायाखालची जमीन किती सहज गडाला मिळते ते बघा. मग आतून चालत दक्षिणेच्या टोकाला जा. खाली अचलपूर दिसेल, कापसाची रिकामी झालेली शेते दिसतील. तटाला हात लावून तिथे थोडा वेळ उभे राहा. वारा खालून वर येतो.